नकाशावर पंधरा तास, दारापासून दारापर्यंत तेहतीस: नाशिकहून सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रवासाचा हिशोब

दसऱ्याच्या सुमारास शेजारचे काका तिकिटाची प्रिंट घेऊन घरी आले. मुंबईहून पहाटे ४:३० ला निघणार, सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १:०० ला पोचणार, आणि दोन्हीकडे तारीख एकच, १२ नोव्हेंबर. "वहिनी, हे साडेआठ तासांत अमेरिका? एवढ्या वेळात आपली एसटी नागपूरला पोचत नाही!"

मी एकतीस वर्षं बँकेत कॅशिअर होते. हिशोब जुळला नाही की मला चैन पडत नाही. लेक सॅन होजेला असल्यामुळे आमच्या चार वाऱ्या झाल्यात, आणि पहिल्या वारीत मी स्वतः असा घोळ घातला होता की अजून घरात त्यावरून टोमणे मिळतात. तेव्हापासून इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा मुलगा-मुलगी परदेशात असली की तिकीट आधी माझ्याकडे येतं. दर वेळी तेच समजावून सांगते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं घेतलंय. तुम्ही लंडन, सिडनी, न्यूअर्क कुठेही जा, रीत हीच.

१. आधी एवढं समोर घेऊन बसा

- तिकिटाची पूर्ण प्रिंट. व्हॉट्सॲपवर आलेला अर्धा फोटो नको. पीएनआर, दोन्ही विमानांचे क्रमांक, टर्मिनल आणि बॅगेचं वजन त्यावर दिसलं पाहिजे.
- पासपोर्ट. मुदत परतीच्या तारखेनंतरही निदान सहा महिने शिल्लक असलेली बरी.
- व्हिसा, आणि वाटेत जिथे विमान बदलायचं तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का याची खात्री. काही देशांत विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता तो लागतो. हे तिकीट काढण्याआधी बघायचं.
- मुलाचा किंवा मुलीचा तिकडचा पत्ता आणि फोन, कागदावर. मोबाइल बंद पडला तर इमिग्रेशनच्या खिडकीसमोर पत्ता आठवत नाही.
- प्रवास विमा, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
- हिशोबासाठी: नातवाचा पृथ्वीगोल, शिवणाचा दोरा, पट्टी, कागद-पेन.

शेवटची ओळ चेष्टेने लिहिलेली नाही.

२. अंतर मोजा, पण भिंतीवरच्या नकाशावर नाही

सपाट नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पट्टी ठेवली की वाटतं, विमान अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जात असणार. गोल पृथ्वी कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे ती पट्टी फसवते. दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर गोलावरून ताणलेल्या दोऱ्याइतकं असतं.

तर गोल घ्या. आधी दोरा विषुववृत्तावर एक फेरा गुंडाळून मोजा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्या गोलाचा घेर ६३ सेंटिमीटर भरला, तर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ६३५ किलोमीटर. मग मुंबईवर एक टोक दाबा, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरं, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप सर्वात जवळची वाट शोधतो. लांबी एकवीस सेंटिमीटरच्या थोडी पुढे येईल. म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर.

दोरा जातो कुठून ते नीट बघा, मजा येते. तो मुंबईहून पश्चिमेला वळतच नाही. थेट उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेला, जव्हारच्या जवळून वर सरकतो. आपण चार तास घासून मुंबईला उतरतो आणि जवळची वाट म्हणते पुन्हा नाशिककडेच चला! तिथून राजस्थान-पंजाबच्या बाजूने हिमालय, पश्चिम चीन, सायबेरिया, उत्तरेचा बर्फाळ समुद्र, अलास्का, आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून खाली.

दोरा नको असेल तर ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाका, आकडा लगेच येतो. मुंबईचा कोड बीओएम, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ, आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळाचा आयएसके. मुंबईहून ढोबळ अंतरं अशी: दुबई १,९३०, सिंगापूर ३,९००, लंडन ७,२००, सिडनी १०,१५०, न्यूअर्क १२,५५०, सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं घ्या, हा आकडा २०,००० च्या वर जात नाही, कारण घेराच्या अर्ध्यापलीकडे गेलात की उलट्या बाजूने यायला जवळ पडतं. कुणी २५,००० किलोमीटर सांगितलं तर समजा, थांबे आणि वळसे धरून बेरीज केलीय.

एक सापळा मैलांचा. अमेरिकी संकेतस्थळं मैल दाखवतात, वैमानिकांची भाषा सागरी मैलांची. साधा मैल १.६०९ किलोमीटर, सागरी मैल १.८५२. त्यामुळे हेच अंतर एके ठिकाणी ८,४००, दुसरीकडे ७,३०० आणि तिसरीकडे १३,५०० दिसतं. तिन्ही बरोबर.

३. किलोमीटरचे तास करा

मोठं प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणून अंतराला ९०० ने भागा आणि चढण-उतरण, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं याचा पाऊण तास मिळवा. १३,५०० भागिले ९०० म्हणजे १५ तास. पाऊण मिळवून पावणेसोळा.

हा आकडा प्रत्यक्षात क्वचितच मिळतो. कारणं तीन.

पहिलं वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना विमान त्या वाऱ्याच्या तोंडावर चालतं, येताना वारा पाठीवर असतो, म्हणून येताना तासभर तरी वाचतो. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एअर इंडियाचं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, आणि तरीही साडेचौदा तासांत पोचलं, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. लांबची वाट लवकर संपली.

दुसरं, हवाई हद्दी. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानची हद्द बंद झाली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै तसंच झालं होतं. २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. लंडन-न्यूअर्कची दोऱ्याची वाट पाकिस्तानवरून जाते आणि सॅन फ्रान्सिस्कोची रशियावरून, त्यामुळे वळसा आला, वळशाबरोबर इंधन आलं, आणि कधीकधी इंधनासाठी मध्येच एक उतरणंही आलं. 'थेट' म्हणून काढलेल्या तिकिटात असा थांबा आहे का, हे विचारून घ्या.

तिसरं हिमालय आणि तिबेटचं पठार. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लवकरात लवकर दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं. खाली पंधरा-सोळा हजार फुटांची जमीनच असेल तर येणार कुठे? म्हणून त्या भागावरून ठरावीक वाटांनीच आणि जपून जातात.

मग खरे तास कुठे बघायचे? फ्लाइटरडार२४ वर विमानाचा क्रमांक टाका. गेल्या सात दिवसांत ते प्रत्यक्ष किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं, हे फुकटात दिसतं. मी तिकीट काढण्याआधी हे बघतेच. रोज चाळीस मिनिटं उशिरा टेकणाऱ्या विमानानंतर सव्वा तासाची जोडणी घेणं म्हणजे जाणूनबुजून विहिरीत उडी.

४. घड्याळं एका रांगेत आणा

काकांचा साडेआठ तासांचा चमत्कार इथे सुटतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. मुंबईच्या ओळीत भारताची, दुबईच्या ओळीत दुबईची. त्यांची थेट वजाबाकी करणं म्हणजे रुपयांतून डॉलर वजा करणं. आधी एका चलनात आणा.

भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दुबई चार तास पुढे. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे, उन्हाळ्यात सात. म्हणून भारत आणि कॅलिफोर्नियातला फरक हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा.

काकांच्या तिकिटावर आणखी दोन वेळा होत्या: दुबईला सकाळी ६:१५ ला उतरायचं आणि ९:०० ला पुढचं विमान. आता मांडू.

मुंबई ४:३० ते दुबई ६:१५. दिसतात पावणेदोन तास. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, तो मिळवा. उड्डाण सव्वातीन तासांचं.

दुबईत ६:१५ ते ९:००, पावणेतीन तास. इथे काहीच मिळवायचं नाही, घड्याळ एकाच गावचं.

दुबई ९:०० ते सॅन फ्रान्सिस्को दुपारी १:००. दिसतात चार तास. हिवाळ्यात दोन्हीकडचा फरक बारा तासांचा. उड्डाण सोळा तासांचं.

बेरीज: सव्वातीन, पावणेतीन आणि सोळा, एकूण २२ तास. ताळा करायचा तर काकांचे साडेआठ घ्या, त्यात साडेतेरा मिळवा. बावीसच. दोन वाटांनी तोच आकडा आला की वही बंद करायची, ही बँकेतली सवय.

नियम लक्षात ठेवायचा तो एवढाच: ज्या गावचं घड्याळ आपल्या मागे आहे तिकडे जाताना फरक मिळवायचा, परतताना वजा करायचा. सिंगापूर अडीच तास आणि टोकियो साडेतीन तास आपल्या पुढे आहेत, तिकडे याच्या उलट.

आता उन्हाळी वेळेचा सापळा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. भारतात आणि दुबईत होत नाही. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिकेचं घड्याळ बदललंय आणि लंडनचं नाही. तिकिटावरच्या वेळा या बदलासकट छापलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. चुकतो तो आपल्या डोक्यातला फरक: ऑक्टोबरात पाठ केलेले साडेबारा तास आपण नोव्हेंबरच्या प्रवासाला लावतो, आणि न्यायला येणारा जावई तासभर उशिरा पोचतो.

५. मध्यरात्रीचं तिकीट: माझा घोळ

पहिल्या वारीचं आमचं विमान १४ तारखेला ००:४० चं होतं. मी कॅलेंडरवर १४ ला गोल केला, गाडीवाल्याला १४ ला संध्याकाळी सात वाजता बोलावलं. १३ ला संध्याकाळी मी निवांत मेथी निवडत बसले होते. सहा वाजता लेकीचा फोन: "आई, कुठपर्यंत पोचलात? कसारा गेला का?"

००:४० म्हणजे १३ ची रात्र संपून १४ लागल्यावरची चाळीस मिनिटं. पुढचं सांगत नाही. शेजारचा मुलगा देवासारखा गाडी घेऊन उभा राहिला, मेथी ओट्यावरच राहिली, आणि ह्यांनी घोटीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचलो.

तेव्हापासून आमच्या घरी मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख नुसती लिहीत नाही. 'बुधवार ११ ची रात्र, उजाडता गुरुवार १२' असं लिहिते, आणि गाडीवाल्याला फोनवर तेच वाक्य त्याच्या तोंडून वदवून घेते. तिकिटावर '१२:४० एएम' असं असेल तर ती दुपार नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि उतरण्याच्या वेळेपुढे छोटंसं '+१' दिसलं तर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, '+२' असेल तर तिसऱ्या दिवशी पोचणार.

६. थांबा कुठे घ्यायचा आणि किती

थांब्यामुळे अंतर किती वाढतं हेही दोऱ्याने कळतं. न्यूअर्कला जाताना मुंबई-दुबई-न्यूअर्क केलं तर थेट अंतरापेक्षा फक्त चारशे किलोमीटर वाढतात, अर्ध्या तासाचा मामला. सॅन फ्रान्सिस्कोला मात्र दुबईमार्गे जवळजवळ दीड हजार किलोमीटर जास्त, कारण आधी पश्चिमेला जाऊन मग वर चढावं लागतं. दुबईहून पुढची जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते, कारण दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को ध्रुवाच्या बरोबर समोरासमोरच्या बाजूंना आहेत.

थांब्याची लांबी: दोन तासांच्या आत नको, विशेषतः गुडघे दुखत असतील तर. मोठ्या विमानतळावर एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालणं सहज होतं, शिवाय पुन्हा तपासणी. अडीच ते चार तास उत्तम. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, त्यात लाज कसली. मदतनीस रांगांतून बरोबर नेतो.

दोन गोष्टी पक्क्या करा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत ना? असतील तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर दुसऱ्याचे पैसे तुमचे गेले आणि बॅगही मध्ये उतरवून पुन्हा द्यावी लागते. दुसरं, अमेरिकेत जिथे पहिलं उतरता तिथेच इमिग्रेशन होतं आणि साधारणपणे बॅगही तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा पुढे द्यावी लागते. न्यूअर्कला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्कोचं विमान असेल तर तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका.

७. नाशिक ते मुंबई: सगळ्यात बेभरवशाचे १७० किलोमीटर

साडेतेरा हजार किलोमीटरचा हिशोब मिनिटांत बसतो, पण द्वारका चौकापासून सहारच्या टर्मिनल दोनपर्यंतच्या १७० किलोमीटरचा बसत नाही. कधी साडेतीन तास, कधी साडेपाच.

वाट अशी: पाथर्डी फाटा, विल्होळी, गोंदे, घोटी, इगतपुरी. इथून दोन पर्याय. जुना रस्ता कसारा घाटातून शहापूर-पडघ्याकडे जातो. किंवा पिंप्री सदोजवळून समृद्धी महामार्ग धरा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टळतो, आणि पावसाळ्यात धुक्यात ट्रकच्या मागे रांगणं वाचतं. टोल पडतो, पण वयस्कर माणसांना घेऊन जाताना मी तोच सांगते.

मात्र समृद्धी तुम्हाला भिवंडीच्या तोंडाशी आणून सोडते. रांजनोली, माणकोली, खारेगाव, माजिवडा हे टाळता येत नाही. घाटात वाचलेला वेळ इथे व्याजासकट परत द्यावा लागू शकतो. म्हणून गूगल मॅप्स दुपारी बघून 'तीन तास दहा मिनिटं' म्हणालं तरी त्यावर विसंबू नका. मी चार तास प्रवासाचे आणि दीड तास भिवंडी-ठाण्याचा धरते. लवकर पोचलात तर टर्मिनलवर डबा उघडून बसा, आमची दशमी-चटणी तिथेच संपते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थातल्या स्नानांच्या दिवशी जायचं असेल तर मी सरळ आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम सांगेन.

रेल्वेने जायचं तर पंचवटी आहेच, दादरला उतरून टॅक्सी. एकट्या माणसाला आणि एका बॅगेला ठीक. तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा घेऊन दादरच्या जिन्यावर उभं राहून बघा, मग ठरवा.

नवा सापळा: मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचा कोड एनएमआय. तिकिटावर 'मुंबई' एवढंच वाचून सहारला जाऊ नका, कोड वाचा. नाशिकहून दोन्हीच्या वाटा ठाण्याच्या अलीकडेच वेगळ्या होतात.

काउंटर बहुतेक कंपन्यांचे उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी बंद होतात. त्यानंतर तुम्ही रडलात तरी उघडत नाहीत. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचायचं ते यासाठी.

८. ओझरचा पर्याय: दोरा काय सांगतो

हे फार कुणी करत नाही, पण विचार जरूर करा. ओझर ते दिल्ली हवाई अंतर साधारण ९९० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,३८०. बेरीज १३,३७०, म्हणजे मुंबईहून थेट जाण्यापेक्षाही थोडं कमी! दोरा दिल्लीच्या बाजूनेच वर जातो, त्यामुळे दिल्ली आडवाटेला पडत नाही. शिवाय शहरापासून ओझर वीस किलोमीटरवर. भिवंडी नाही, माजिवडा नाही.

मग सगळे का जात नाहीत? कारण ओझरहून विमानं मोजकी, आणि हंगामागणिक वेळापत्रक बदलतं. दिल्लीचं विमान रद्द झालं तर त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. दिल्लीत देशांतर्गत विमान ज्या टर्मिनलला लागतं तिथून आंतरराष्ट्रीय विमानं सुटणारं टर्मिनल क्रमांक ३ काही किलोमीटर दूर असू शकतं. आणि हिवाळ्यात दिल्लीचं धुकं. माझं मत: एकाच पीएनआरवर मिळालं आणि दिल्लीत निदान चार-पाच तास असले तर जरूर घ्या. वेगळं तिकीट काढून, डिसेंबर-जानेवारीत, मुळीच नको.

९. सगळं एका कागदावर मांडून फ्रिजवर लावा

काकांसाठी मी लिहिलेला कागद असा. सगळ्या वेळा मुद्दाम भारतीय घड्याळाने:

- बुधवार ११, रात्री ८:०० – इंदिरानगरातून निघणं
- गुरुवार १२, रात्री १:३० पर्यंत – टर्मिनल दोन
- पहाटे ४:३० – मुंबई सोडली
- सकाळी ७:४५ – दुबई
- सकाळी १०:३० – दुबई सोडली
- शुक्रवार १३, रात्री २:३० – सॅन फ्रान्सिस्को (तिथे गुरुवार दुपारी १:००)
- पहाटे ५:०० – इमिग्रेशन, बॅगा, रस्ता आटपून लेकाचं घर (तिथे गुरुवार दुपारी ३:३०)

बुधवारी रात्री आठ ते शुक्रवारी पहाटे पाच: तेहतीस तास. त्यातले विमानात सव्वाएकोणीस. दोऱ्याने सांगितलेले पंधरा.

भारतीय घड्याळाने लिहिण्याचा खरा उपयोग औषधांसाठी. काकांना रक्तदाब आणि साखर दोन्ही. 'सकाळची गोळी' म्हणजे कुठली सकाळ, हा प्रश्न विमानात पडतो. हा कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरांनी प्रत्येक डोससमोर वेळ लिहून दिली. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय निघूच नये. गोळ्या हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही. एका मनगटावर नाशिकचं घड्याळ तसंच राहू द्या, मोबाइल आपोआप बदलेल. आणि सोळा तासांच्या उड्डाणात दर दोन तासांनी उठून मागच्या पडद्यापर्यंत एक फेरी मारा. पाय सुजतात ते बसून राहिल्यामुळे.

१०. परतीला हेच उलटं

काकांचं परतीचं तिकीट बुधवार ३ फेब्रुवारी दुपारी ४:०० ला सॅन फ्रान्सिस्कोहून, आणि मुंबईत शुक्रवार ५ फेब्रुवारी पहाटे २:३०. बघून काकू घाबरल्या, "येताना दोन दिवस लागतात?" नाही. बुधवारी दुपारी चार म्हणजे आपल्याकडे गुरुवारी पहाटे साडेपाच. तिथून शुक्रवारी पहाटे अडीचपर्यंत एकवीस तास. जाताना बावीस लागले, येताना एकवीस. जाताना घड्याळाने जे साडेतेरा तास परत दिले होते तेच आता कापून घेतले, म्हणून आकडा मोठा दिसतो.

गाडीवाल्याला 'गुरुवार ४ ची रात्र, उजाडता शुक्रवार' असं सांगायचं. उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टमला दीड तास धरा, म्हणजे गाडी चार वाजता दारात असली तरी चालेल. पहाटे चारला सहारहून निघालं की भिवंडी उजाडायच्या आत मागे पडते, आणि हा एकच दिवस असतो जेव्हा नाशिक-मुंबई रस्ता आपल्या बाजूने असतो. घोटीला चहासाठी थांबा. साडेसात-आठला घरी. दूधवाल्याला मात्र आधी कळवून ठेवा, आम्ही तीनदा विसरलोय.